मदत हवी आहे : पार्वतीबाईंचा उल्लेख असलेलं समकालीन पत्र

आमच्या वाचनकट्ट्यावर पानिपतावरची एक कादंबरी वाचून झाली. युद्ध राहिलं बाजूला, सगळे अडकलेत पूर्वार्धातच, सदाशिवरावभाऊ आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांच्या सहवासात. एका आजींनी मोहिमेवर निघण्याच्या आदल्या रात्रीच्या पानात मोरपीस घालून ठेवलंय आणि तो प्रसंग वाचताना त्यांचा आवाज दरवेळी कापतो. दुसरा गट म्हणतो, हे सगळं लेखकाच्या मनातलं. मला दोन्ही बाजू पटतात, म्हणूनच पुरावा हवाय.

पार्वतीबाई मोहिमेत सोबत होत्या आणि पानिपतानंतर भाऊ गेले हे त्यांनी मानलं नाही, एवढं ठाऊक आहे. भाऊसाहेबांची बखर वाचली, पण ती नंतरची. इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या पत्रसंग्रहाचा पहिला खंड चाळला, राजकारण आणि पैशाची ओढाताण भरपूर, घरातलं माणूस सापडेना. नजरेतून सुटलंही असेल. मोडी येत नाही, त्यामुळे देवनागरीत छापलेलंच चालेल. येत्या रविवारी चर्चा आहे.

मार्च 1760 मध्ये भाऊंच्या फौजेने परतूर सोडल्यापासून पानिपतच्या लढाईच्या दिवसापर्यंतच्या, म्हणजे 14 जानेवारी 1761 पर्यंतच्या एखाद्या पत्रात पार्वतीबाईंचा उल्लेख आहे का? असल्यास कुठला खंड, कितवं पत्र?