छोटा कॅमेरा घेताना झूम पाहावा की सेन्सर?

प्रश्न: प्रवासासाठी खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा घ्यायचा आहे. एकाला ३० पट झूम आहे, तर दुसऱ्याला जेमतेम ३ पट, पण त्याचा सेन्सर (प्रकाश टिपून चित्र घडवणारा भाग) १ इंची आहे. कोणता घ्यावा?

उत्तर १: १ इंची म्हणवला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचाच असतो; तरीही तो नेहमीच्या १/२.३ इंची सेन्सरच्या सुमारे चौपट क्षेत्रफळाचा असल्यामुळे, संध्याकाळच्या उजेडात काढलेल्या चेहऱ्यावरच्या केसांच्या बटा सुट्या दिसतात, लहान सेन्सरवर मात्र त्यांचा लगदा होतो. मी हाच घेईन.

उत्तर २: पक्षी टिपायचे असल्यास मोठ्या झूमला पर्याय नाही. मात्र तो पूर्ण ताणल्यावर अ‍ॅपर्चर (भिंगातून प्रकाश आत येण्याचे छिद्र) लहान होते आणि हात किंचित हलला तरी छायाचित्र पुसट येते.

उत्तर ३: व्ह्यूफाइंडर (डोळा लावून दृश्य पाहायची छोटी खिडकी) आहे का, तेही पाहावे, भर उन्हात मागचा पडदा नीट दिसत नाही.