कोलेस्टेरॉलचे २७ कार्बन: १५ आणि १२ हा हिशोब कसा लागतो?

अणुरेणू:
शरीर ॲसिटेटपासून कोलेस्टेरॉल बनवतं, एवढ्या एका ओळीत पुस्तकं विषय उरकतात. ॲसिटेटमध्ये कार्बन दोन, मग २७ हा विषम आकडा कसा? शिवाय त्यातले १५ कार्बन ॲसिटेटच्या मिथिल टोकाचे (हायड्रोजन लागलेला कार्बन) आणि १२ कार्बॉक्सिल टोकाचे (ऑक्सिजन लागलेला कार्बन) असं दिलंय. निम्मे-निम्मे का नाहीत? आणि हा शोध लागला त्या काळात हे मोजलं कसं?

खुणेचा कार्बन:
आधी हिशोब करू, सगळी गोम त्यातच आहे. तीन ॲसिटेट जुळून सहा कार्बनांचं मेव्हॅलॉनिक आम्ल होतं: ३ मिथिलचे, ३ कार्बॉक्सिलचे. त्यातला एक कार्बॉक्सिलचा कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. उरलेल्या तुकड्यात ३ आणि २. असे सहा तुकडे जोडले की स्क्वालीन, ३० कार्बन: १८ आणि १२. त्याची घडी पडून चार कड्यांचं लॅनोस्टेरॉल होतं, कार्बन तेवढेच. मग त्यावरचे तीन मिथिल गट गळतात आणि हे तिन्ही मिथिल टोकाचेच. १८ वजा ३ म्हणजे १५. बाराला धक्का लागत नाही. एकूण १८ ॲसिटेट लागले, ३६ पैकी ९ कार्बन वाटेत गेले.

शोध मात्र याच्या उलट्या दिशेने लागला. १९३७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात रिटेनबर्ग आणि शोएनहायमर यांनी उंदरांना जड पाणी दिलं, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम हा जड हायड्रोजन असलेलं पाणी. कोलेस्टेरॉलमधले जवळपास निम्मे हायड्रोजन पाण्यातून आलेले दिसले. तयार मोठ्या रेणूत थोडाफार फेरफार करून असं होणार नाही. म्हणजे रेणू लहान तुकड्यांतून नव्याने बांधला जातो. १९४२ मध्ये ब्लॉख आणि रिटेनबर्ग यांनी ड्यूटेरियम घातलेलं ॲसिटेट दिलं आणि ही ड्यूटेरियमची खूण कोलेस्टेरॉलमध्ये उतरली. पुढे लिटल आणि ब्लॉख यांनी ॲसिटेटच्या एका टोकाला कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन) आणि दुसऱ्याला कार्बन-१३ (किंचित जड कार्बन) लावून ते उंदराच्या यकृताच्या कापांना दिलं. दोन्ही खुणा एकाच रेणूवर असण्याचा फायदा फार मोठा आहे: पेशीतल्या स्वतःच्या ॲसिटेटमुळे खूण कितीही पातळ झाली, तरी दोघींचं प्रमाण बदलत नाही. १५:१२ ची चाहूल तिथे लागली.

डिजिटोनिन:
वर एक भर. प्रमाण कळलं म्हणून कुठला कार्बन कुठे बसलाय ते कळत नाही. त्यासाठी रेणू एकेक तुकडा तोडून प्रत्येक कार्बनची किरणोत्सारिता मोजावी लागते. लंडनमध्ये कॉर्नफोर्थ आणि पॉपयाक यांनी कड्यांचे कार्बन असे एकेक करून सोडवले. हे काम किती चिकाटीचं आहे याची कल्पना पुस्तकातल्या आकृतीवरून येत नाही.

इथे एक खड्डाही होता. डिजिटोनिन (माझं नाव ज्यावरून घेतलंय ते वनस्पतीतलं रसायन) घातलं की कोलेस्टेरॉलचा साका खाली बसतो, पण स्टेरॉल म्हणजे त्याच्याच घराण्यातले इतर रेणूही बरोबर बसतात. त्यांचं वजन नगण्य, पण खूण भरमसाट, त्यामुळे आकडे फुगतात. १९५२ मध्ये श्वेंक आणि वेर्थेसेन यांनी हे दाखवलं. उपाय असा: ब्रोमीन घालून कोलेस्टेरॉलचा डायब्रोमाइड (दोन ब्रोमीन जोडलेला रेणू) स्फटिकरूपात वेगळा करायचा, मग जस्ताच्या भुकटीने ब्रोमीन काढून टाकायचं. भेसळ द्रवात मागे राहते. शुद्धीकरणाआधी आणि नंतर दर मिलिग्रॅमची किरणोत्सारिता सारखी आली, तरच नमुन्यावर विश्वास ठेवायचा.

अणुरेणू:
हिशोब लख्ख कळला. पण स्क्वालीनची घडी अशीच पडते, हे कशावरून?

डिजिटोनिन:
कोलेस्टेरॉलच्या कार्बनांना ठरलेले क्रमांक आहेत, त्यातल्या कार्बन क्रमांक १३ वरून. रॉबिन्सन यांनी १९३४ मध्ये सुचवलेल्या घडीत हा कार्बन कार्बॉक्सिलचा यायला हवा. १९५३ मध्ये वुडवर्ड आणि ब्लॉख यांनी सुचवलेल्या घडीत तो मिथिलचा. मिथिल गट ज्या कार्बनला चिकटलेला असतो, त्याच्यासकट तो क्रोमिक आम्लाने ॲसिटिक आम्ल म्हणून सुटा करता येतो. मोजल्यावर १३ मिथिलचाच निघाला. त्याचा अर्थ असा की कडी बंद होताना मिथिल गट शेजारच्या कार्बनवर सरकतात: ८ वरचा १४ वर, १४ वरचा १३ वर. स्क्वालीनची घडी पडून कडी होतात हा रॉबिन्सन यांचा मूळ विचार बरोबर होता, घडी तेवढी चुकली.

खुणेचा कार्बन:
मधला दुवा राहिला होता. १९५६ पर्यंत ॲसिटेट आणि स्क्वालीन यांच्यामध्ये काय आहे ते कळत नव्हतं. मर्क या औषध कंपनीतले संशोधक लॅक्टोबॅसिलस या जिवाणूच्या वाढीला लागणारा एक घटक शोधत होते. तो मेव्हॅलॉनिक आम्ल निघाला. खूण लावून तो यकृताच्या अर्काला दिला, तर चाळीस टक्क्यांहून जास्त भाग कोलेस्टेरॉलमध्ये गेला. प्रयोगशाळेत बनवलेल्या आम्लात डावे-उजवे (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखे) रेणू निम्मे-निम्मे असतात आणि एन्झाइम त्यातला एकच प्रकार घेतं. म्हणजे वापरता येण्याजोगं जवळपास सगळंच खपलं होतं.