आईच्या लघवीत ईएसबीएल ई. कोलाय (बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू): ताप उतरल्यावर इंजेक्शनं थांबवून गोळी चालेल का?

आई 67 वर्षांची, जुना मधुमेह. लघवीला जळजळ सुरू झाली तेव्हा मागच्या वेळी लागू पडलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या मेडिकलमधून आणून घेतल्या. मला फोनवर सांगितलंही नाही. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप, उजव्या कुशीत दुखणं, उलट्या. संध्याकाळी ती असंबद्ध बोलायला लागली, तेव्हा साताऱ्याला हलवलं. वरचं बीपी 90 च्या खाली.

तिथल्या डॉक्टरांनी रक्त आणि लघवी कल्चरला (जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) पाठवून तासाभरात मेरोपेनेम हे शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक सुरू केलं. रिपोर्टसाठी थांबले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. कारण रिपोर्ट आला तिसऱ्या दिवशी: सिप्रो, सेफिक्सिम, सेफ्ट्रियाक्सोन, सगळ्या अँटिबायोटिक्सपुढे 'आर' (जंतूवर लागू पडत नाही). म्हणजे घरचे चार दिवस वायाच गेले.

आज पाचवा दिवस. ताप नाही, पेज खातेय. उद्या घरी सोडणार, पण त्याच गटातलं अर्टापेनेमचं इंजेक्शन रोज एकदा, अजून पाच दिवस. गाव 30 किलोमीटरवर. काका म्हणतात, "ताप गेला, आता सुया कशाला? रिपोर्टात नायट्रोफ्युरँटोइनपुढे 'एस' (लागू पडतं) आहे, ती गोळी द्या." मला पटत नाही, पण त्यांना सांगायला नेमकं कारण सापडत नाहीये. आणि गावातल्या दवाखान्यात हे इंजेक्शन देता येतं का? क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) 1.6 आहे, म्हणजे जरा जास्त, त्याचा काही संबंध?

प्रतिसाद:
ताई, मी मायक्रोबायोलॉजीत काम करते. नायट्रोफ्युरँटोइन लघवीत भरपूर उतरतं, पण रक्तात आणि किडनीच्या मांसात पुरेसं पोचत नाही. नुसत्या मूत्राशयाच्या जळजळीला ते चांगलं. आईंचा संसर्ग किडनीपर्यंत गेला होता, म्हणून इथे 'एस' असूनही उपयोगाचं नाही. शिवाय किडनीचं काम मंदावलेलं असलं की ते आणखी कमी पडतं. अर्टापेनेम शिरेतून तसंच स्नायूतही देतात, त्यामुळे गावात सोय होऊ शकेल. मात्र पहिला डोस हॉस्पिटलमध्येच देऊन बघायला सांगा, आणि क्रिएटिनिनवरून डोस बदलायचा का हेही डॉक्टरांना विचारा. रक्ताच्या कल्चरचा रिपोर्ट आला का? त्यात जंतू वाढले असतील तर किती दिवस द्यायचं ते पुन्हा ठरवावं लागेल. परत ताप आला तर घरी वाट बघू नका.

धाग्याची लेखिका:
खूप आभार. रक्ताचा रिपोर्ट विचारायचा राहूनच गेला होता, आत्ता खाली लॅबमध्ये जातेय. काकांना किडनीचं वाचून दाखवलं. सकाळची गाडी तेच काढणार आहेत.