व्हीसीआर दुरुस्त केलात की स्वस्तातला दुसरा घेतलात? (अनुभव धागा)

मत्स्यगंधा
व्हीएचएस ही घरगुती व्हिडिओ कॅसेटची पद्धत १९७६ साली बाजारात आली आणि २०१६च्या जुलैअखेर फुनाई या जपानी कंपनीने व्हीसीआर, म्हणजे या कॅसेटी चालवणारं आणि रेकॉर्ड करणारं यंत्र, बनवणं थांबवलं. तोवर हे यंत्र इतकं स्वस्त झालं होतं की बिघडलं की नवंच आणायचं, हा बहुतेक घरांतला रिवाज होता. आता दुसरं आणायचं म्हटलं तर वापरलेलंच मिळतं, म्हणून हा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे.

माझं मत आधीच सांगते. सिनेमे बघायला स्वस्तातलं यंत्र चालतं. लग्नाची, मुंजीची, आजी-आजोबांचा आवाज असलेली कॅसेट मात्र कुठल्याही यंत्रात सरकवू नये. तुमच्याकडे काय झालं? यंत्र कोणतं, बिघाड काय होता आणि कॅसेटींचं काय झालं, हे मोकळेपणाने लिहा.

सोल्डरवाला, ठाणे
मी दुरुस्तीच्या धंद्यात आलो तो १९८२च्या एशियाडनंतर, घराघरांत रंगीत टीव्ही यायला लागले तेव्हा. त्या काळातल्या व्हीसीआरचा सांगाडा धातूचा, वजन भरपूर. बहुतेक दुखणं रबराचं असायचं: बेल्ट सैल पडतो, आयडलरचं, म्हणजे रीळ फिरवणाऱ्या छोट्या चाकाचं, रबर कडक होऊन घसरतं, मग रीळ फिरत नाही आणि बाहेर ओढलेली टेप आतच गुंतते. लोक म्हणतात यंत्राने कॅसेट खाल्ली. रबर बदललं की यंत्र पुन्हा चालू. नंतरच्या स्वस्त यंत्रांत प्लॅस्टिकचे गिअर आले. दात तुटला की तो भाग सुटा मिळायचा नाही, आणि माझी मजुरी नव्या यंत्राच्या किमतीला टेकायची. गिऱ्हाइकाला 'नवा घ्या' असं मीच सांगायचो. पण जुनं धूड घरात असेल तर भंगारात देऊ नका. ते आजही उभं राहतं.

जर्सीकर
अमेरिकेत नव्वदीच्या शेवटी शंभर डॉलरच्या आत नवा व्हीसीआर मिळत होता. दुकानदार यंत्र नुसतं उघडून बघायचे पैसे घ्यायचा, मग दुरुस्त कोण करणार? आम्ही नवा आणला. इथल्या कॅसेटी छान चालल्या, पण पुण्याहून आलेली बहिणीच्या लग्नाची कॅसेट लावली तर चित्र वरखाली पळायला लागलं. टीव्हीच्या चित्राची पद्धत दोन्हीकडे वेगळी: भारतात पाल, ६२५ रेषा. इथे एनटीएससी, ५२५ रेषा. शेवटी दोन्ही पद्धती चालवणारा मल्टिसिस्टीम व्हीसीआर शोधून घेतला. तो महाग पडला, पण आईने त्यावर सगळं लग्न पुन्हा पाहिलं. परदेशात यंत्र घेणाऱ्यांनी किमतीच्या आधी हे तपासावं.

वऱ्हाडी_पाहुणा
आमच्याकडे व्हीसीपी होता, फक्त बघायचा, रेकॉर्डिंग नाही. बिघडला तेव्हा सीडी प्लेअर आला होता, त्यामुळे प्रश्नच मिटला. कॅसेटी मात्र जपून ठेवल्या आहेत.

शनिवारपेठी
मी वेगळं सांगेन. जुन्या बाजारातून अगदी किरकोळ किमतीत व्हीसीआर घेतला आणि घरच्या बऱ्याच कॅसेटी संगणकावर उतरवल्या. मत्स्यगंधा ताई, तुमची भीती योग्य आहे, म्हणूनच आधी एक टाकाऊ कॅसेट पूर्ण चालवून, पुढे-मागे करून पाहिली. टेपच्या कडेला सुरकुती पडली नाही, तेव्हाच बाबांची कॅसेट लावली.

किनारपट्टी, मालवण
पावसाळ्याच्या दमटपणात आमच्या कॅसेटींना बुरशी धरली आहे. कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरी पूड दिसते. एक लावून पाहिली तर पडद्यावर चित्राऐवजी नुसत्या मुंग्या. नवं यंत्र घेऊ का?

सोल्डरवाला, ठाणे
नवं यंत्र नको. बुरशी टेपवरचं चित्र वाचणाऱ्या हेडला चिकटली म्हणून मुंग्या दिसतात. नव्या यंत्राचंही तेच होईल, आणि त्याच यंत्रातून ती चांगल्या कॅसेटींनाही लागेल. बुरशीच्या कॅसेटी वेगळ्या काढून कोरड्या जागी ठेवा, साफ करून घेतल्याशिवाय लावू नका. हेड पुसायला कापूस वापरू नका, धागे अडकतात. यंत्राची वायर काढा. शॅमॉय चामड्याचा तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला करून ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या गोल भागाला, हलकेच टेकवा, आणि हात स्थिर ठेवून ड्रम बोटाने आडवा फिरवा. वरखाली घासलंत तर हेड तुटतं. पूर्ण सुकल्यावरच कॅसेट घाला.