मदत हवी आहे: अक्रोडाला मादी फुले येतात, पण फळ टिकत नाही

निवृत्तीनंतर आम्ही उभयता पुण्याहून उत्तराखंडात, मुक्तेश्वरजवळ सुमारे २१०० मीटर उंचीवर राहायला आलो आणि २०१८ च्या हिवाळ्यात उतारावरच्या बागेत ‘चँडलर’ जातीची पाच अक्रोड कलमे दहा-दहा मीटर अंतरावर लावली. झाडे निरोगी आहेत, थंडी भरपूर मिळते आणि मुळांशी पाणी साचत नाही. तीन वर्षांपासून बहर येतो, तरीही गेल्या हंगामात पाचही झाडांचे मिळून अकराच अक्रोड हाती आले.

म्हणून या वसंतात मी रोज सकाळी झाडांखाली उभे राहून वहीत नोंदी केल्या. खालच्या पायरीवर शेजाऱ्यांचे बियांपासून वाढलेले जुने झाड आहे. त्याचे लोंबते नर तुरे १० एप्रिलच्या सुमारास पराग सांडून काळे पडले. आमच्या झाडांचे तुरे १८ ते २४ एप्रिलच्या दरम्यान झडले, आणि मादी फुलांच्या टोकावरची पिसांसारखी दोन पाती मात्र २७ एप्रिलनंतर पसरून चिकट झाली. त्या दिवसांत आसपास परागाचा कणही उरला नसावा. मेअखेरीस वाटाण्याहून जराशी मोठी झालेली फळे देठासकट गळून पडली.

फुलोऱ्याच्या काळात दहिवर पडले नव्हते. गळालेली फळे मी चिरूनही पाहिली. करप्याच्या जिवाणूमुळे टोकाकडून जो काळा, ओलसर डाग सुरू होतो, तो एकाही फळावर नव्हता. त्यामुळे माझा संशय परागीभवनावरच आहे. अक्रोडाचे परागण वाऱ्याने होते आणि एकाच झाडाची नर-मादी फुले बहुधा एका वेळी उमलत नाहीत, हे कलमे घेताना रोपवाटिकेत कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही, याची आज फार खंत वाटते.

चँडलरला उशिरा फुलणारी ‘फ्रँकेट’ जात परागासाठी जोड म्हणून लावतात, असे वाचले आहे. नवे कलम पराग देऊ लागेपर्यंत काही वर्षे जातील, म्हणून वाऱ्याच्या दिशेकडील झाडाच्या एका फांदीवरच फ्रँकेटची काडी बांधावी, असा विचार आहे. परंतु अक्रोडाच्या कापातून रस वाहत राहतो आणि कलम सहज जुळत नाही. अशा थंड प्रदेशात फेब्रुवारी-मार्चमध्ये जिभेचे कलम (काडी व फांदीचे तिरपे काप एकमेकांत अडकवून) करावे की पावसाळ्याच्या तोंडावर डोळा भरावा (सालीत एकच कळी बसवावी), हे ज्यांनी स्वतःच्या हाताने केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

तोपर्यंत, अधिक उंचीवरच्या, उशिरा बहरणाऱ्या झाडांचे तुरे आणून त्यांचा पराग आमच्या फुलांवर झटकल्यास फळ धरेल काय? ‘सेर’ जातीत पराग अति झाल्यानेही मादी फुले गळतात, त्यामुळे प्रमाणाबद्दलही मार्गदर्शन हवे आहे. झाडे सुप्तावस्थेत असतानाच कलमाच्या काड्या कापाव्या लागतात, म्हणून डिसेंबरपूर्वी उत्तर मिळाल्यास पुढचा हंगाम वाया जाणार नाही.