मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन काशीला जातोय, राहायचं कुठे? गोदौलिया, अस्सी की कॅन्ट?

खिडकीतली सीट:

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या शेवटी, म्हणजे देवदिवाळीची गर्दी ओसरली की काशीला जायचं पक्कं केलंय. आम्ही पाच जण. आई, बाबा, मी, बायको आणि चौथीतली मुलगी. आई ७१ ची, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं ती टाळतेय. सपाट रस्त्यावर काठी घेऊन बऱ्यापैकी चालते, पायऱ्या मात्र एकेक करून, कठड्याला धरून, आणि कठडा नसेल तर माझ्या खांद्याला. बाबा ७६ चे पण ठणठणीत, त्यांना पहाटे उठून घाटावर फिरायचंय आणि ते कोणाला न सांगता एकटेच निघणार हे मला आत्तापासून दिसतंय.

काशीस जावे नित्य वदावे म्हणतात तसं आमच्याकडे कित्येक वर्षं नुसतं वदणंच चाललं होतं, म्हणून या वेळी विमानाची तिकिटं आधी काढून टाकली आणि मग हॉटेल शोधायला बसलो. तिथेच गाडी अडलीय. बुकिंगच्या साइटवर बघावं ते हॉटेल घाटापासून २०० मीटरवर आणि मंदिराला लागून. यूट्यूबवरचा एक जण म्हणतो गोदौलियाला, म्हणजे मंदिराजवळच्या भागात, राहा नाहीतर काशी बघितलीच नाही, दुसरा म्हणतो दक्षिणेच्या टोकाचा अस्सी घाट, आणि ऑफिसातले सर म्हणतात वयस्कर माणसं आहेत तर गुपचूप घाटांपासून लांब कॅन्टला मोठं हॉटेल घे.

आईची अट एकच, खोलीतून गंगा दिसली पाहिजे. बायकोची अट कमोड आणि स्वच्छ बाथरूम. मुलीची अट वायफाय, ती मी ऐकून न ऐकल्यासारखी केलीय. चार रात्री, दोन खोल्या, खोलीमागे साडेतीन-चार हजारापर्यंत चालेल. विश्वनाथाचं दर्शन, आरती, बोट, सारनाथ एवढं तरी करायचंच आहे.

जे स्वतः म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलेत त्यांनी प्लीज सांगा, कुठला भाग?

कटिंग चहा:

गोदौलिया. डोळे झाकून. काशीला जाऊन कॅन्टला राहायचं म्हणजे पंढरपूरला जाऊन वाखरीत मुक्काम करायचा आणि तिथूनच हात जोडायचे. रात्री दहाला गल्लीत उतरून रबडी खायची, पहाटे चारला घंटा ऐकत उठायचं, ही मजा दुसरीकडे नाही.

सासुरवाशीण:

कटिंग चहा, तुम्ही एकटे गेला होतात ना? मग बरोबर आहे तुमचं.

दादा, आम्ही सासूबाईंना घेऊन दशाश्वमेध घाटाच्या जवळच राहिलो होतो, नाव नाही लिहीत, फोटो फार सुंदर होते आणि फोटोत खोटं काहीच नव्हतं हे विशेष. गंगा अगदी खिडकीत. पण टॅक्सीवाल्याने गोदौलियाच्या बऱ्याच अलीकडे उतरवलं, पुढे गाड्या सोडत नाहीत म्हणाला, मग एक मुलगा आमच्या बॅगा डोक्यावर घेऊन पुढे आणि आम्ही त्याच्यामागे गल्लीतून, गल्ली केवढी तर समोरून स्कूटर आली की आपण भिंतीला चिकटायचं, आणि मध्ये एक बैल असा निवांत उभा की त्याला उठवायची कोणाची छाती होईना. हे सगळं एकवेळ चाललं असतं हो. पण हॉटेलचा जिना! दगडी, अंधारा, एकेक पायरी गुडघ्याएवढी, आणि कठड्याच्या जागी भिंतीतल्या कड्यांतून ओवलेला दोर. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या दिवशी सासूबाई चढल्या कशाबशा, आणि मग म्हणाल्या मला आता इथूनच गंगा दाखवा, मी खाली येत नाही. दर्शनाला एकदा उतरवलं तेवढंच. बाकी वेळ त्या खिडकीत आणि आम्ही आळीपाळीने त्यांच्यासोबत.

आईंची गंगा दिसायची अट आणि आईंचा गुडघा, दोन्ही एका हॉटेलात बसणं अवघड आहे एवढंच सांगते.

लंकेवरचा:

मी इथे बीएचयूत (बनारस हिंदू विद्यापीठात) आहे, गेली काही वर्षं काशीतच मुक्काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर शेवटचे दोन परिच्छेद वाचा.

आधी शहर डोळ्यासमोर आणा. घाट ८४ म्हणतात, दक्षिणेला अस्सी आणि उत्तरेला वरुणेच्या संगमाजवळ आदिकेशव. सगळे एकाच काठावर, पश्चिमेच्या, पलीकडे नुसती वाळू, म्हणून सकाळचं ऊन थेट तोंडावर येतं. आणि हा आपला काठ उंच आहे. गाव वर, नदी खाली, मधे पायऱ्या. म्हणजे ज्या खोलीतून गंगा छान दिसते ती बहुतेक पायऱ्यांच्या वरच्या टोकाला असते आणि तिच्या पाठीमागे गल्ली, गाडीरस्ता नाही. साइटवर लिहिलेलं घाटापासून २०० मीटर खरंच असतं, पण ते नकाशावरचं. तुम्हाला विचारायचंय ते वेगळंच, गाडी जिथे थांबते तिथून खोलीच्या पलंगापर्यंत किती पायऱ्या. हा एक आकडा फोनवर विचारा, "बस थोडीसी हैं" म्हणाले तर सोडून द्या.

आता भाग. दशाश्वमेध-गोदौलिया-चौक हा गाभा, मंदिर, आरती, बाजार, खाणं सगळं इथे, पण गाडीचा प्रश्न आणि गर्दी. २०२१ च्या डिसेंबरात विश्वनाथ धाम, म्हणजे मंदिरापासून गंगेपर्यंतचा मोठा परिसर, सुरू झाल्यापासून गर्दी फारच वाढलीय, सोमवारी तर चौकात पाय ठेवायला जागा नसते. मणिकर्णिका या स्मशानघाटापासून पुढे उत्तरेला, शिंदे घाट, पंचगंगा वगैरे, हा जुना आणि माझ्या मते सगळ्यात देखणा भाग, राहायला मात्र तरुण गुडघ्यांचा.

मधला पट्टा म्हणजे केदार घाट, हनुमान घाट, मागे सोनारपुरा रोड. इथे दक्षिणी लोकांची जुनी वस्ती, त्यामुळे सकाळी इडली मिळते, रिक्षा सोनारपुऱ्यापर्यंत नीट येते. पण तिथून घाटाकडे गल्ली आणि पायऱ्या आहेतच, शिवाय हरिश्चंद्र घाट शेजारी, तिथे चिता जळत असतात, वारा फिरला की धूर येतो. काहींना चालतं, काहींना नाही.

अस्सी. गाडी घाटाच्या अगदी जवळपर्यंत येते, वरती मोठी सपाट जागा आहे, बसायला, चहाला, गप्पांना. तुमच्या आई खाली पाण्यापर्यंत न जाताही घाटावर तासभर बसू शकतील, आणि हे दशाश्वमेधला संध्याकाळी शक्य नाही. संध्याकाळची आरती इथेही होते, सकाळी सुबह-ए-बनारस असतं, आरती, मग गाणं-वाजवणं, योग. तुमचे बाबा खूश. त्यांना घाटाघाटाने चालत दशाश्वमेधपर्यंत जाता येईल, अडीच किलोमीटरच्या आसपास, नोव्हेंबर अखेर पाणी उतरलेलं असतं त्यामुळे वाट सलग मोकळी असते. पावसाळ्यात हीच वाट पाण्याखाली जाते, आरतीसुद्धा गच्चीवर न्यावी लागते.

अस्सीचे तोटेही ऐका. एक तर पहाटे पाचला स्पीकर, घाटाला लागून खोली घेतली तर गजर लावायची गरज नाही. दुसरं, अस्सी नावाखाली नगवा, भदैनी, दुर्गाकुंड, रवींद्रपुरी इथपर्यंतची हॉटेलं खपवतात. भदैनी चालेल, झाशीच्या राणीचं जन्मस्थान तिथेच आहे, स्मारक बघून या. दुर्गाकुंडावरून रोज घाटावर यायला रिक्षा लागेल. तिसरं, गंगा दिसणाऱ्या खोल्या इथे मोजक्या आणि बजेटच्या वर जातात.

हिशेबी:

कॅन्टला एवढं हिणवू नका हो. लिफ्ट, गाडी दारात, रात्री शांत झोप, आणि सारनाथ तिथून सोयीचं. वडिलांना घेऊन तिथेच राहिलो होतो. फक्त घाट चार-पाच किलोमीटरवर आहे आणि संध्याकाळी ते चार-पाच किलोमीटर संपता संपत नाहीत. दिवसातून एकदाच जाणार असाल तर कॅन्ट. दोनदा जायचं असेल तर नको.

खिडकीतली सीट:

सगळ्यांचे मनापासून आभार. सासुरवाशीण, तुमचा दोरवाला जिना बायकोला वाचून दाखवला, गोदौलिया तिथल्या तिथे रद्द.

लंकेवरचा, दोन शंका. एक, अस्सीला राहून विश्वनाथाचं दर्शन कसं करायचं? बोटीने थेट मंदिराखाली उतरता येतं असं ऐकलं. दोन, मुलगी नऊ वर्षांची, मणिकर्णिका बोटीतून दिसणारच, तुमच्याकडे पाहुणे येतात ते मुलांना काय सांगतात?

लंकेवरचा:

बोटीने ललिता घाटाला उतरून धाममध्ये शिरता येतं, बरोबर ऐकलंत, गंगेकडून तो मोठा दरवाजा दिसतो तो फार भव्य वाटतो. पण भव्य म्हणजे पायऱ्याच. तुम्ही, वहिनी आणि बाबा जा तिकडून. आईंना ई-रिक्षाने गोदौलियाकडे आणा, जिथे अडवतील तिथून चालणं आहे पण रस्ता सपाट आहे, मधे दुकानाच्या पायरीवर बसवत न्या. सोमवार टाळा. सुगम दर्शनाचं, म्हणजे पैसे भरून लवकर दर्शनाचं, तिकीट मंदिराच्या स्वतःच्या साइटवरून काढा, रस्त्यात भेटणाऱ्या "भैया जल्दी दर्शन करवा देंगे" वाल्याकडून नाही. मोबाइल आत नेता येत नाही, स्मार्टवॉचसुद्धा नाही, तेव्हा सगळं हॉटेलवर ठेवून निघा, लॉकरच्या नावाखाली प्रसादाची टोपली गळ्यात मारतात ते तरी वाचेल.

मुलीचं म्हणाल तर मुलं आपल्यापेक्षा सरळ बघतात. आधी घरी सांगून ठेवा, फोटो काढायचा नाही एवढं बजावा, आणि नावाड्याला सांगा की समोर नाव थांबवू नको. तेवढं पुरतं.

आजोळ वाई:

कोणीच मराठी काशीबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते. मंदिर आता जे उभं आहे ते अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलेलं हे सगळ्यांना माहीत असतं, पण बोटीतून जाताना बाबांना घाटांची नावं वाचायला सांगा, दशाश्वमेधच्या शेजारीच अहिल्याबाई घाट, पुढे शिंदे घाट, मग भोसले घाट. शिंदे घाटाला लागून पाण्यात एक देऊळ कललेलं दिसेल, ते रत्नेश्वर महादेवाचं. त्याच्याही पुढे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत, आमच्या आजोळचे उपाध्ये तिथलेच, त्यांच्या यात्रेकरूंच्या नोंदवहीत पणजोबांची सही सापडली तेव्हा आई रडली होती. तुमचं कुलोपाध्यायांचं घराणं कोणतं ते निघण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या, तिथे गेल्यावर फोनाफोनी करत बसू नका.

तिकडे राहा असं मात्र म्हणणार नाही. पंचगंगेच्या पायऱ्या चढताना धडधाकट माणसाला धाप लागते.

वऱ्हाडी ठेचा:

अरे भाऊ, आईले पाण्याला हात लावायचा असन ना, तर नमो घाटावर ने. राजघाटच्या पुलापाशी. गाडी जवळ जाते अन् रॅम्प आहे, पायऱ्यांची झंझट कमी. जुन्या घाटाचा फील नाही येत, पण माय गंगेले हात तर लावते. राहायचं अस्सीलेच राहा.

कटिंग चहा:

बरं बाबा, अस्सी तर अस्सी. पण एक रात्र तरी बाबांना घेऊन गोदौलियाच्या गल्लीत जेवायला जा, आणि नोव्हेंबर अखेर थंडी पडली असेल तर मलइयो, म्हणजे दुधाच्या फेसाचा गोड पदार्थ, मिळायला लागतो, सकाळीच खायचा, ऊन चढलं की संपतो.

खिडकीतली सीट:

अपडेट देतो. आज बसून सात-आठ ठिकाणी फोन केले आणि लंकेवरच्यांनी सांगितलेला एकच प्रश्न विचारला, गाडी थांबते तिथून पलंगापर्यंत किती पायऱ्या. निम्म्यांना प्रश्नच कळला नाही. एकाने "माताजी को हम उठा के ले आएंगे" असं अगदी प्रेमाने सांगितलं. शेवटी अस्सीच्या मागच्या रस्त्यावर एक ठिकाण मिळालं, दारात चार पायऱ्या, कठडा आहे, लिफ्ट आहे, घाट चालत पाच मिनिटं असं मालक म्हणतोय, म्हणजे आईच्या चालीने पंधरा धरतो. खोलीतून गंगा दिसत नाही, पण लिफ्ट गच्चीपर्यंत जाते आणि गच्चीवरून दिसते, त्याने तिथून व्हिडिओ काढून पाठवला. आईला दाखवला. ती म्हणाली, गच्चीत खुर्ची ठेवतात का ते विचार. विचारलं, ठेवतात.

एक रात्र पैसे जास्त घालून दरभंगा घाटावरच्या त्या राजवाड्याच्या हॉटेलात राहावं का असं बायकोच्या मनात आलं होतं, बोटीने नेतात वगैरे, भाडं बघितल्यावर तिच्या मनातून आपोआप गेलं.

आता शेवटचं. बाबतपूर विमानतळावरून अस्सीला टॅक्सी हॉटेलकडूनच सांगू की तिथे उतरून करू? दुपारी चारला उतरतोय.

लंकेवरचा:

हॉटेलकडूनच सांगा. पंचवीस-तीस किलोमीटर आहे, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये सापडणार, आणि बाहेरचा ड्रायव्हर अस्सीच्या कुठल्या तरी नाक्यावर सोडून मोकळा होईल. गाडी दारापर्यंत हवी हे आधीच ठरवा, पैसेही आधीच. आणि गच्चीत खुर्ची आहे तशी जाळी आहे का तेही विचारा, माकडं आईंच्या हातातला चष्मा नेतील.