ढोल पथकातल्या पोरांना हळदीच्या गोळ्या द्याव्यात का?

हळदव्यापारी_सांगली: यंदा गणपतीत मंडळांनी ढोल वाजवणाऱ्या पोरांना हळद-मिऱ्याच्या गोळ्या द्याव्यात असं माझं मत आहे. मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींत फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे रेणू) वाढतात आणि पेशी मरतात. हळदीतलं कर्क्युमिन त्यांना आवर घालतं. उंदरांवरच्या प्रयोगांत कर्क्युमिन दिलेल्यांचे कान कमी बिघडले. द्राक्षातल्या रेझव्हेराट्रॉलवरही असं काम झालंय. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काय फक्त रंगासाठी?

ऑडिओलॉजिस्ट_मिरज: दादा, कारण बरोबर सांगितलंत, पण तेवढ्यावर गोळ्या वाटायला निघू नका. हळदीत कर्क्युमिन वजनाच्या साधारण ३ टक्के, आणि खाल्लेल्यातलं फार थोडं रक्तात उतरतं. रक्तातून आतल्या कानात शिरायला आणखी एक अडसर असतो. आवाजाने होणारा बहिरेपणा टाळणारं मान्यताप्राप्त औषध माणसासाठी आज एकही नाही, झाडपाल्याचं नाही की कारखान्यातलं नाही. शिवाय झाडातून आलंय म्हणून ते कानाला चांगलंच असेल असंही नाही. क्विनाइन सिंकोनाच्या सालीतलंच. जास्त झालं की कानात घूं घूं सुरू होतं, ऐकू कमी येतं. आणि माणसाच्या मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. गोळीच्या भरवशावर पोरगं भिंतीएवढ्या स्पीकरसमोर तासभर जास्त उभं राहिलं, तर जबाबदार कोण?

हळदव्यापारी_सांगली: म्हणून तर मिरी म्हणतोय! १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं पिपेरिन २० मिलिग्रॅम दिलं, तर माणसाच्या शरीरात ते वीसपट मिळालं. फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही ना?

ऑडिओलॉजिस्ट_मिरज: तोटा आहे. हळदीच्या तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, मिरीयुक्त गोळ्यांच्याही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर धोका वेगळाच. आमटीतल्या हळदीबद्दल माझी काही तक्रार नाही.

मागवाला_विटा: मला वेगळीच धास्ती वाटते. ८५ डेसिबलचा आवाज कानाला आठ तास चालतो असं धरलं, तर वाढत्या दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला १५ मिनिटं उरतात. आम्ही मागावर अख्खी पाळी काढतो, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. इअरप्लग मागितले की "सवय होते" असं उत्तर मिळतं. ऐकू कमी यायला लागलं की त्यालाच सवय म्हणतात. उद्या तुमच्या गोळीचं नाव झालं, तर आमच्या हातावर डबी ठेवून मालक मोकळे होतील.

ताशावाली_सातारा: प्लग घातले की आमचा ताल सुटतो, त्याचं काय?

ऑडिओलॉजिस्ट_मिरज: फोमचे घालू नका. वादकांसाठी फिल्टरचे प्लग मिळतात, ते सगळे सूर जवळपास सारखेच खाली आणतात. सरावापासूनच घाला, मिरवणुकीत एकदम नको.

हळदव्यापारी_सांगली: ठीक, पथकाच्या प्लगना मी पैसे देतो. पण माणसांवरची रीतसर चाचणी इथंच व्हावी ही मागणी मी सोडणार नाही. मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, विट्यात माग आहेत, हळद तर दारात आहे. उंदरांवर किती दिवस थांबायचं?

मागवाला_विटा: चाचणीला मी येतो. प्लग मात्र सगळ्यांना द्यायचे, गोळी घेणाऱ्याला आणि न घेणाऱ्यालाही. ते लेखी असेल तर माझं नाव घाला.